पलंगाच्या पोटात

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे स्टोअर मी गेली २२ वर्षे सांभाळतो आहे. साच्यांसाठी लागणाऱ्या बेंटोनाइट मातीच्या पोत्यांपासून ग्राइंडिंगच्या चाकांपर्यंत आणि हातमोज्यांपासून पाव इंची बोल्टांपर्यंत कारखान्याला जे जे लागते, त्याची जागा, त्याचे नग आणि त्याच्या आवक-जावकीची नोंद ठेवणारे बिन कार्ड माझ्या ताब्यात असते. रात्रपाळीच्या फोरमनने फोन करून एखादे बेअरिंग विचारले, तर ते कोणत्या रॅकच्या कितव्या खणात आहे, हे मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगू शकतो. ज्या अंथरुणातून मी हे सांगतो, त्याच्या खाली नेमके काय आहे, हे मात्र मला सांगता येत नाही.

शहापुरातल्या जुन्या घरात राहत असताना सामान कुठे ठेवावे हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता, आणि त्याचे श्रेय आम्ही आमच्या नीटनेटकेपणाला देत होतो. खरे श्रेय भिंतींचे होते. त्या चांगल्या दीड-दोन फूट जाडीच्या होत्या आणि दिव्याचा कोनाडा, आईचे फडताळ, आप्पांच्या चष्म्याची देवळी हे सगळे त्यांच्या पोटातच होते. कौलांखाली माळा होता आणि जे कुठेच मावत नसे ते खुंटीवर जात असे. पुढे वाटणी झाली, घर विकले गेले आणि आम्ही अनगोळच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, तेव्हा माझ्या ध्यानात आले की इथल्या आतल्या भिंती जेमतेम साडेचार इंचांच्या आहेत. आमच्या खोलीत खिळा ठोकला तर त्याचे टोक पलीकडे आप्पांच्या उशाशी निघेल, या भीतीने आईने पहिले सहा महिने घरात हातोडी बाहेर काढू दिली नाही. भिंत वाळली आणि तिच्या पोटातला सगळा संसार खोलीत येऊन उभा राहिला, असे झाले.

मोठी खोली साहजिकच आई-आप्पांना गेली आणि आमच्या वाट्याला दहा बाय नऊची आली. हिला बेडरूम म्हणावे की कोठीघर, अशी मला शंका होती, म्हणून मी नियम काढून पाहिले. घरात राहण्याच्या दोन खोल्या असतील तर त्यांतली धाकटी साडेसात चौरस मीटरहून लहान नसावी, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. साडेसात चौरस मीटर म्हणजे सुमारे ८१ चौरस फूट, आणि आमची खोली ९० ची. म्हणजे संहितेच्या हिशेबाने आम्ही नऊ चौरस फुटांच्या चैनीत राहत होतो. ही चैन कुठे आहे ते मी टेप घेऊन शोधले. ती दाराच्या मागे सापडली. अडीच फुटांचे दार आत उघडताना जमिनीवर जो पंखा काढते, त्यातच जवळपास पाच चौरस फूट जातात आणि तिथे पायपोससुद्धा ठेवता येत नाही.

उरलेल्या जागेचा हिशेब मी ग्राफ पेपरवर मांडला. साडेसहा बाय पाचचा पलंग म्हणजे साडेबत्तीस चौरस फूट, आणि सहा फूट रुंद व दोन फूट खोल कपाट म्हणजे बारा. तेव्हा खोलीत माणसे शिरण्याआधीच तिचा निम्मा भाग लाकडाने व्यापला. पलंग एका भिंतीला, कपाट समोरच्या भिंतीला, आणि मधे उरला दोन फुटांचा बोळ. या बोळाला आमच्या घरात ‘खडे बाजार’ असे नाव पडले आहे, कारण सणाच्या दिवसांतल्या बेळगावच्या खडे बाजाराप्रमाणे इथेही समोरून कुणी आले की आपल्याला बाजूच्या दुकानात शिरावे लागते, आणि आमच्याकडे बाजूचे दुकान म्हणजे पलंग.

“कपाट दीड फुटाचं केलं तर बोळ सहा इंचांनी वाढेल,” असे मी सुतारमेस्त्रींना सुचवले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी खिशातला एक हँगर माझ्यापुढे धरला. असल्या सूचना करणारे बरेच भेटत असल्यामुळे ते हँगर बरोबरच बाळगतात, असे दिसले. “हे बगा साहेब, हँगरच सतरा-अठरा इंच हाय. दार, पाठ धरून दीड फुटात बसवायचं म्हणजे शर्ट तिरका अडकवायचा काय?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. सरकत्या दारांचा प्रस्ताव मात्र सौभाग्यवतींनी फेटाळला. सरकत्या दारांच्या कपाटात एका वेळी निम्मेच कपाट उघडते, ही गोष्ट तिने मान्य केली. “पण उघडं राहिलेलं ते निम्मं नेहमी तुमचंच असेल,” असे ती म्हणाली. शेवटी बिजागरीची चार दारे ठरली, प्रत्येक दीड फुटाचे. चोवीस इंचांच्या बोळात अठरा इंचांचे दार उघडल्यावर सहा इंच उरतात आणि तेवढ्यात मी मावत नाही. त्यामुळे रोज सकाळी आंघोळ करून मी पलंगावर मांडी घालून बसतो, हात लांबवून दार उघडतो आणि देवघरापुढे बसावे तसा शर्टांपुढे बसतो. परवा आईने लांबून पाहिले आणि मुलगा अखेर ध्यानाला लागला म्हणून तिला बरे वाटले.

पण खोलीचा खरा धनी पलंग. मेस्त्रींनी हायड्रॉलिक पलंगाचे जे वर्णन केले, ते ऐकून मला तो घेतल्यावाचून राहवेना: “एका बोटानं उचलतंय बगा, आणि सगळं घर पोटात घेतंय.” दुकानात त्यांनी ते बोटाने उचलूनही दाखवले. तिथल्या पलंगावर चार इंची फोमची गादी होती, आणि आमच्या घरी आईने लग्नात दिलेली, पिंजाऱ्याकडून तीन वेळा पिंजून घेतलेली कापसाची गादी होती, जी जिन्यातून आणताना दोन माणसे आणि एक शेजारी लागले होते. हा फरक मला त्या वेळी सुचला नाही. या पलंगाला तोलणारे गॅसचे पंप गादीच्या वजनावरून निवडायचे असतात. शिवाय पलंग मिटलेला असताना पंप जवळजवळ आडवा पडलेला असतो, त्यामुळे त्याचा जोर फळी वर लोटण्यात फारसा येत नाही आणि पहिली वीतभर उचल आपल्याच कमरेला करावी लागते. फळी उभी राहिली की पंप शहाणा होतो आणि तिला धरून ठेवतो, निदान तशी अपेक्षा असते.

आमच्या पंपाने ती अपेक्षा एका सकाळी सोडून दिली. पावसाळी बूट शोधण्यासाठी मी कमरेपर्यंत पलंगाच्या पोटात उतरलो होतो. वरची फळी गादीसह सावकाश खाली येऊ लागली. ती आदळली नाही, हे तिचे उपकार. एखाद्या थकलेल्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणे ती माझ्या पाठीवर टेकली आणि तिथेच विसावली. मी आतून हाका मारल्या. पण माझा आवाज सहा वाकळी, दोन घोंगडी आणि कापसाची गादी यांतून गाळून स्वयंपाकघरात पोचला तेव्हा तो बाहेरच्या कुणाचा तरी वाटला असावा, कारण “अहो, बघा ना कोण बोलवतंय,” असे मलाच सांगण्यात आले. बूट मात्र त्या अवस्थेत हाताला लागले, दोन्ही डाव्या पायाचे. उजवे बूट वर्षभरापूर्वी कुणीतरी घालून गेला असणार, आणि तो कोण, यावर आजही घरात दोन पक्ष आहेत.

मेस्त्रींनी येऊन दणकट पंप बसवले. ते इतके दणकट निघाले की त्यांची हकीकत शेवटी सांगावी लागेल.

बेळगावच्या पावसाविषयी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. जूनमध्ये तो एकदा बसला की सप्टेंबरपर्यंत उठायचे नाव घेत नाही, आणि त्या काळात घरातली प्रत्येक दांडी, दाराची कड आणि पंखा यांवर न वाळलेले कपडे असतात. कपाट लावताना मेस्त्री म्हणाले होते, “भाईरची भिंत हाय, मागनं दीड इंच सोडू या, वारं खेळतंय.” मी स्टोअरचा माणूस, दीड इंच वाया घालवणे माझ्या स्वभावात नाही. मी कपाट भिंतीला घट्ट चिकटवून घेतले. ऑगस्टमध्ये एका लग्नासाठी काळा कोट काढला, तेव्हा त्याच्या कॉलरवर पांढरट-हिरवी मऊ लव उगवली होती, आणि ती इतकी सारखी व दाट होती की पहिल्यांदा मला ते मखमलीचे काम वाटले. चामडी पट्टा पिठात घोळल्यासारखा झाला होता. कापूर, डांबराच्या गोळ्या, कडुलिंबाचा पाला असे सगळे उपाय झाले आणि कपड्यांना देऊळ, संडास व जंगल यांचा मिळून एक वास लागला, जो कारखान्यात माझ्या आधी पोचत असे. अखेर कपाट दीड इंच पुढे ओढले. आता खडे बाजार साडेबावीस इंचांचा आहे.

आरशाबद्दल थोडक्यात सांगतो. भिंतीला उंच आरसा लावला की खोली दुप्पट दिसते, असे आम्हाला प्रत्येकाने सांगितले होते, आणि ते खरे आहे. खोलीबरोबर सामानही दुप्पट दिसते, हे कुणी सांगितले नव्हते. निपाणीच्या मावशींनी पलंगासमोर आरसा अशुभ असल्याचे जाहीर केल्यापासून त्यावर टॉवेल असतो. टॉवेल वाळवायला जागा झाली, एवढा त्याचा उपयोग.

मग एका रविवारी मी कारखान्याच्या पद्धतीने घराचा स्टॉक घ्यायचे ठरवले. स्टोअरमध्ये मालाचे तीन वर्ग असतात: चालणारा, रेंगाळणारा आणि पडून असलेला. चालणारा माल हाताशी आणि पडून असलेला भंगारात, हा नियम. पलंगाच्या पोटातून जे निघाले त्यात चालणारे एकही नव्हते. गौरी-गणपतीचे मखर रेंगाळणाऱ्यांत टाकता आले. पण रुखवतातला शेवयांचा ताजमहाल, एकात एक घातलेल्या तीन सुटकेसा (सर्वांत आतल्या सुटकेसची किल्ली मधल्या सुटकेसमध्ये, आणि मधलीची कुणालाच माहीत नाही) आणि कुंद्याचे, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचे, एकोणीस रिकामे डबे यांना कोणता वर्ग द्यावा? “डबे कशाला लागतात?” असे मी विचारले. “कुणाला काही पाठवायचं झालं तर,” आई म्हणाली. एकोणीस जणांना एकाच दिवशी काही पाठवायचा प्रसंग आमच्या घराण्यात अद्याप आलेला नाही.

तळाशी आप्पांची लोखंडी ट्रंक होती, आणि तीत नुसते कागद. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले तेव्हा आप्पा मराठी शाळेत चौथीत होते. त्यानंतर जे जे सरकारी कागद घरात आले ते बहुतेक कन्नडमध्ये आले. त्यांतून आप्पांनी आपला एक नियम बनवला आहे: जो कागद वाचता येत नाही, तो महत्त्वाचा असतो. मला शाळेत कन्नड विषय होता, म्हणून मी पलंगाच्या कडेवर बसून एकेक कागद अडखळत वाचू लागलो. शेताचे उतारे निघाले, घरपट्टीच्या पावत्या निघाल्या, ते सगळे बाजूला ठेवले. मग उताऱ्याच्याच घडीत जपून ठेवलेले, पिवळे पडलेले एक पत्रक निघाले. दोन वेळा वाचून मी सांगितले, “आप्पा, ही खताची जाहिरात आहे. वीसपंचवीस वर्षांपूर्वीची.” आप्पांनी ते हातात घेतले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले आणि घडी मोडू न देता परत ट्रंकेत ठेवले. “खत सरकारी नसेल कशावरून?” ते म्हणाले. ट्रंक होती तिथे गेली.

आता त्या दणकट पंपांविषयी. नवरात्राच्या आधी अंथरूण-पांघरूण धुऊन उन्हात घालायची आमच्याकडे पद्धत आहे. यंदा गादी गच्चीवर नेली, पलंग उघडून आत झाडून घेतला आणि मिटायला गेलो, तर फळी खाली येईना. पंप कापसाच्या गादीचे वजन धरून बसवलेले. गादीच नाही म्हटल्यावर त्यांना तोलायला काही उरले नव्हते आणि त्यांचा सगळा जोर माझ्यावर आला. मी फळीच्या कडेला लोंबकळलो. माझ्यासकट ती वर राहिली. समोरच्या फ्लॅटमधल्या मास्तरांना बोलावले. त्यांनी परिस्थिती पाहून चष्मा खिशात ठेवला, “स्वल्प अडजस्ट माडोण री,” म्हणजे थोडे जमवून घेऊ या, असे कन्नडमध्ये म्हणाले आणि दुसऱ्या कडेला लटकले. तेव्हा कुठे फळी हळूहळू झुकली, आणि शेवटी आम्ही दोघे तिच्यावर शेजारी शेजारी बसलो, लग्नाच्या मांडवात बसवलेल्या पाहुण्यांसारखे ताठ, कारण हललो असतो तर वर गेलो असतो. कडी लावायला सौभाग्यवती खाली वाकली.

तेवढ्यात आई दारात आली. तिच्या हातात कुंद्याचे तीन नवे रिकामे डबे होते.

“थांबा रे,” ती म्हणाली, “उघडंच आहे तर हेही आत ठेवा.”