खुब्याचं बिल कोण भरतं?

सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ मध्ये आयुष्मान योजना लागू झाली, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक वाद मिटतच नाही. पंचाऐंशीच्या आजीचं खुब्याचं हाड मोडलं तर सरकारी खर्चानं ऑपरेशन करून खुब्याचा बॉल (हाडाचा गोल माथा) बदलायचा कशाला? मावसभाऊ लिहितो, ‘करदात्यांचे पैसे पाण्यात. पायाला वजन लावून घरी ठेवा.’

घरी ठेवा म्हणे! जणू घर फुकटात चालतं. पडून राहिलेल्या माणसाला न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, रात्री-अपरात्री कूस बदलायला कोणीतरी लागतं. ते कोणीतरी म्हणजे बहुतेक सून. तिची सुटलेली नोकरी कुठल्या बिलात धरायची?

इथे इंग्लंडमध्ये त्याचा रोकडा हिशेब मांडलाय. २०१० पासून हॉस्पिटलला खुब्याच्या पेशंटमागे जादा पैसे मिळू लागले, पण ऑपरेशन ३६ तासांत केलं, वृद्धांच्या डॉक्टरांनी वेळेत पाहिलं, अशा अटी पाळल्या तरच. यात दयामाया फारशी नाही. लवकर उभा राहणारा पेशंट स्वस्त पडतो. शेजारच्या बाई पडल्या तेव्हा भेटायला गेलो होतो. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओ झिमर, म्हणजे धरून चालायची चौकट, घेऊन हजर. बाई कळवळत होत्या, तरी त्या पोरीनं त्यांना खुर्चीपर्यंत नेलंच. आपल्याकडे चार नातेवाईक ‘अहो, झोपू द्या त्यांना’ म्हणत मध्ये पडले असते.

‘मग तुमच्याकडे म्हाताऱ्यांची घरं का विकली जातात?’ हा मावसभावाचा हुकमी सवाल. विकली जातात, खरंय. ऑपरेशन फुकट, पण केअर होमची वेळ आली आणि गाठीशी २३,२५० पौंडांहून जास्त असेल, तर खर्च ज्याचा त्यानं करायचा. शेजारच्या बाईंच्या दारातही ‘फॉर सेल’ची पाटी लागली. ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.

आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेत. पुन्हा चालतं व्हायला कित्येक महिने जातात. भांडायचंच तर त्यावर भांडा ना!

‘तिकडे बसून बोलणं सोपं आहे,’ हे त्याचं शेवटचं अस्त्र, आणि ते झोंबतं. आई पडल्यापासून वहिनी घरी आहे. शाळेतली नोकरी तिनं सोडली. मी पैसे पाठवतो, ‘पोचले हो, भावजी’ एवढाच तिचा मेसेज येतो. आईचं करायला येणाऱ्या ब्युरोच्या बाईचा पगार त्यातून निघतो, रात्र वहिनीकडेच. त्या घरात मी आता पैसे आणि मतं पाठवण्यापुरताच उरलोय. तरी मत बदलत नाही. बॉल बदला, आणि खर्चाच्या यादीत वहिनीचा पगारही लिहा.