गद्दार म्हणायच्या आधी जरा थांबा भाऊ

भाऊ, तुमची कमेंट पूर्ण वाचली. तुमचं म्हणणं असं, की परभणीत बसून लंडनच्या आर्सेनल ह्या फुटबॉल क्लबसाठी जीव टाकणं हेच मुळात खूळ, आणि वर जे प्लेअर क्लब सोडून गेले त्यांचं मी अजून कौतुक करतो म्हणजे माझी लॉयल्टी पण पोकळ, गद्दाराला गद्दार म्हणायला दम लागतो वगैरे.

खूळ आहे, मान्य. शाळेत होतो, केबलवर मॅच दिसायला लागल्या आणि नेमका २००३-०४ चा सीझन, इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या ३८ मॅच, २६ जिंकल्या, १२ ड्रॉ, हरली एकही नाही. त्या वयात असली टीम बघितली की पोरगं कामातून गेलंच समजा.

पण गद्दार म्हणताना तुम्ही सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं. आमचा स्ट्रायकर थिएरी हेन्री २००७ ला गेला तोवर २२६ गोल करून गेला, अजून काय पाहिजे होतं त्याच्याकडून? मिडफिल्डर फॅब्रेगास तर स्पेनच्या बार्सिलोना क्लबच्याच अकॅडमीतलं पोरगं, सोळाव्या वर्षी लंडनला आलेलं, २०११ ला आपल्या घरी परत गेलं. हां, २०१४ ला तो चेल्सीला, म्हणजे लंडनमधल्याच आमच्या वैऱ्याकडे गेला ते मलाही लै झोंबलं, पण त्याला परत घ्यायचा पहिला हक्क आर्सेनलकडे होता आणि नको आर्सेनलनेच म्हटलं, मग ह्यात गद्दार कोण ते तुम्हीच सांगा. आणि नव्या स्टेडियमचं कर्ज डोक्यावर असताना क्लबने पण प्लेअर विकलेच की, २००५ नंतर थेट २०१४ लाच ट्रॉफी दिसली, तेवढ्यात एखाद्याचं अर्धं करिअर संपतं.

स्ट्रायकर व्हॅन पर्सीचा राग मात्र मलाही आहे आणि तो जाणार नाही. कॅप्टन, २०११-१२ ला लीगमध्ये ३० गोल, करार एकच वर्षाचा उरलेला, जाहीर पत्र काढून सांगितलं की करार वाढवणार नाही आणि गेला कुठं तर मँचेस्टर युनायटेडला, आमच्या जुन्या वैऱ्याकडे! पुढच्या एप्रिलमध्ये ते चॅम्पियन होऊन आमच्या मैदानात आले, आमच्या पोरांनी दोन रांगा करून टाळ्या वाजवल्या, आणि ह्याच गड्याने पेनल्टी मारून १-१ केलं. टीव्ही फोडायचाच बाकी ठेवला होता मी. पण म्हणून ते ३० गोल काय युनायटेडच्या खात्यात गेले का? ते आमचेच राहिले ना.

आता हेन्रीचं ऐका. जानेवारी २०१२, एफए कप ही इंग्लंडची नॉकआउट स्पर्धा, समोर लीड्सची टीम, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. परभणीची थंडी तुम्हाला माहीतच आहे, गोधडी अंगावर, टीव्ही म्यूट, शेजारी वडील झोपलेले. स्टेडियमबाहेर ह्याचा पुतळा महिन्याभरापूर्वीच उभा केलेला आणि हा दोन महिन्यांच्या लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून उसना, परत येऊन बेंचवरून आत आला. आमच्या मिडफिल्डर साँगचा पास, डावीकडून एक टच, अंग उघडून उजव्या पायाने लांबच्या पोस्टला. तोच जुना गोल! मी गोधडीत तोंड खुपसून ओरडलो तरी वडील उठलेच, म्हणाले काय झालं रे. काय सांगणार होतो त्यांना?

आणि तुमच्या प्रोफाईलवर गाव जिंतूर, मुक्काम पुणे लिहिलंय. तुम्हाला इथं कोण गद्दार म्हणतंय का भाऊ? दिवाळीला आलात की वाट बघणारेच भेटतात की.

व्हॅन पर्सीवर वेगळी पोस्ट टाकतोय, तिथं मनसोक्त भांडा.