दाण्याबिगर वडी होते, आणि घरच्या कढईत होते

धाकटीच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर शाळेची चार ओळींची सूचना आली. वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, तेव्हा छोट्या सुट्टीच्या डब्यात शेंगदाणे, काजू, बदाम घातलेला खाऊ देऊ नका, एवढंच. त्यावर उत्तर म्हणून जो फॉरवर्ड फिरला तो मात्र दीड हात लांब. तोच पुढे मला माहेरच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला आणि शेवटी आत्याबाईंच्या फोनवरही आला.

त्याचा सारांश असा: शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी हे परदेशी खूळ आहे, आपल्याकडे कुणाला नव्हती. असलीच तर रोज चिमूटभर कूट द्या, सवय होते, परदेशी शास्त्रज्ञांनीही हेच सिद्ध केलंय. शेंगदाणा आपल्या मातीतला, आणि मुळात नट नाहीच. दुसऱ्याच्या डब्यातल्या दाण्यानं कुणाला काही होत नसतं. दाणे काढल्यावर डब्यातल्या गुळाच्या वडीत पोषण उरत नाही, आणि दाण्याबिगरची म्युसली बार, म्हणजे ओट्स-बियांची वडी, घरी जमतही नाही, सगळा कंपन्यांचा धंदा. शिवाय गुळाची वडी कितीही द्या, गूळ बाधत नाही.

आधी सांगते, मी शेंगदाण्याची वैरी नाही. आमच्याकडे वांग्यात कूट, भाजीत कूट, भाकरीबरोबर शेंगाची चटणी. पण हा मजकूर एखाद्या घरात खरा मानला गेला तर एका लेकराच्या जिवावर बेतेल, म्हणून बसून लिहिलंय.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. आपल्याकडे अन्नाची अ‍ॅलर्जी कमीच दिसते. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या एका मोठ्या पाहणीत हे प्रमाण हजारात दीडच्या आसपास निघालं होतं, आणि तेही सगळे पदार्थ मिळून. म्हणजे हजार-दीड हजार पोरांच्या शाळेत एखाद-दुसरं मूल. आमच्या शाळेतलं ते मूल नेमकं आमच्या वर्गात आहे. आणि ‘आधी कुणाला नव्हती’ म्हणणाऱ्यांनी आठवून बघावं, काहीतरी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठायच्या तेव्हा घरात काय म्हणायचे? ‘पित्त उठलं.’ मग आमसुलाचं पाणी चोळायचे. कशानं उठलं हे कुणी शोधत नव्हतं. राहिलं ‘आपल्या मातीतलं’ वगैरे, तर शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. (ज्वारीही आफ्रिकेतूनच आलेली, पण तिला येऊन इतकी हजारो वर्षं झाली की तिच्याकडे आता कुणी आधारकार्ड मागत नाही.)

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो खऱ्या संशोधनाची शेपटी धरून येतो. 2015 साली लंडनच्या डॉ. गिडिऑन लॅक यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ‘लीप’ नावानं ओळखला जातो तो. 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं, सगळी जोखमीतली, म्हणजे कुणाला तीव्र इसब, कुणाला अंड्याची अ‍ॅलर्जी. निम्म्यांना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत दिलेच नाहीत. न खाणाऱ्यांत सुमारे 17 टक्के मुलांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांत 3 टक्क्यांच्या आसपास. फरक मोठा आहे, आणि लहानपणापासून शेंगदाणा खाऊ घालावा हे त्यावरून जगभर सांगितलं जातं. इथपर्यंत फॉरवर्डवाले बरोबर.

पण हा अभ्यास अ‍ॅलर्जी होऊच नये यासाठीचा होता, झालेली बरी करण्याचा नव्हे. ज्या बाळांना त्वचेच्या चाचणीतच मोठी गांध उठली त्यांना तर अभ्यासात घेतलंच नव्हतं. शाळेतल्या अ‍ॅलर्जीवाल्या पोराला तो लावणं म्हणजे पोलिओचा डोस उशिरा पाजून अधू पाय सरळ होईल म्हणण्यासारखं.

झालेल्या अ‍ॅलर्जीवर थोडं थोडं देण्याचा उपचार खरंच आहे. अमेरिकेत 2020 साली 4 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी शेंगदाण्याच्याच पुडीचं औषध मंजूर झालं. त्याची सुरुवात होते अर्ध्या मिलिग्रॅम प्रथिनानं, आणि पहिले डोस आणि पुढची प्रत्येक वाढ दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली. आता आपली चिमूट घ्या. मी पोळपाटावर टाकून अंदाज घेतला, कमीत कमी पाव ग्रॅम तरी कूट येतं. शेंगदाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिनं, म्हणजे साठेक मिलिग्रॅम. त्या पहिल्या डोसाच्या शंभर-सव्वाशे पट! आणि हे फॉरवर्डवाले ‘रोज सकाळी अनशापोटी’ द्यायला सांगतात. घसा सुजला, श्वास अडकला, पोर गळाठलं तर लागतं ते मांडीत दिलेलं अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन. अंगावर पित्त उठल्यावर घेतात ती गोळी त्याची जागा घेत नाही. 108 ला फोन लावून गाडीची वाट बघायची वेळ एका चिमटीपायी का आणायची?

‘शेंगदाणा नट नाही.’ बरोबर, तो शेंगवर्गातला, तूर-हरभऱ्याच्या भावकीतला. पण वनस्पतिशास्त्राची वही पोराच्या घशाला वाचता येत नाही. शाळेच्या भाषेत नट-फ्री म्हणजे शेंगदाणाही नाही आणि काजू-बदामही नाही.

दुसऱ्याच्या डब्याचं म्हणाल तर इथे मी थोडं फॉरवर्डच्या बाजूनं आहे, कारण उलट्या टोकाच्या अफवाही ऐकल्यात. नुसत्या वासानं पोर कोसळतं ही भीती बहुतेक वेळा खरी ठरत नाही. तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या तीस मुलांना 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पीनट बटरचा वास दहा मिनिटं दिला होता, कुणालाही श्वासाचा किंवा सर्वांगाचा त्रास झाला नाही. धोका आहे तो हाताला लागलेलं तोंडात जाण्याचा. आणि सहा-सात वर्षांची पोरं डब्यात डबा घालून खातात, हे सांगायला अभ्यास नको. हात धुण्याबद्दल मात्र एक कामाची गोष्ट आहे: साबणानं शेंगदाण्याचा अंश निघतो, नुसत्या पाण्यानं किंवा सॅनिटायझरनं तो राहू शकतो. कोरोनापासून शाळेच्या दारात सॅनिटायझरची बाटली असते, तिच्यावर या बाबतीत भरवसा ठेवू नये.

आता वडीकडे येते, कारण खरं भांडण माझ्या स्वयंपाकघरात झालं. ‘दाण्याबिगर वडी? ती काय धरायलीय!’ आत्याबाई म्हणाल्या, आणि पहिल्या घाण्याला त्यांचंच खरं झालं. वडी कापायला गेले तर ताटात चिवडा. दोष दाण्यांच्या नसण्याचा नव्हता, माझ्या घाईचा होता. पाक कच्चा राहिला आणि मी दाबलं वरवर.

तिसऱ्या खेपेला जमलं ते माप असं. जाड ओट्स 100 ग्रॅम, मंद आचेवर बदामी वास येईपर्यंत भाजून (बदाम नकोत, वास चालतो). ज्वारीच्या लाह्या 30 ग्रॅम, मुठीत धरून जरा कुस्करलेल्या, अख्ख्या ठेवल्या तर वडीत पोकळ्या राहतात. सोललेलं सूर्यफुलाचं बी 50, मगज (टरबूज-खरबुजाचं सोललेलं बी) 40, जवस 20, हे वेगवेगळं भाजायचं. जवस तडतडला की लगेच उतरवा, नाहीतर कडू होतो. खजूर 60 ग्रॅम, बी काढून बारीक चिरलेला. गूळ 120 ग्रॅम आणि तूप दोन चमचे.

गूळ-तूप वितळून फेस आला की वाटीभर गार पाण्यात एक थेंब सोडायचा. थेंब विरघळला तर अजून थांबा. बोटांत त्याची गोळी झाली, ती दाबली की दबते पण तुटत नाही, तेव्हा गॅस बंद. कट्‌कन तुटेपर्यंत नेलात तर चिक्की होते आणि पोरांच्या हलत्या दातांची परीक्षा. खजूर पाकात घालून दोनदा हलवायचा, मग सगळं कोरडं एकदम. तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडानं दाबायचं, आणि दाबायचं म्हणजे मनगट दुखेपर्यंत. कोमट असताना सुरीनं रेघा पाडून ठेवायच्या, गार झाल्यावर त्या रेघांवर वड्या सुटतात. सोळा होतात. चिक्कीसारखा खुसखुशीतपणा यावा म्हणून सोडा घालायचा मोह टाळा. सूर्यफुलाच्या बियांतल्या एका घटकाची सोड्याशी गाठ पडली की रंग हिरवट होऊ शकतो. विषारी नसतो, पण हिरवी वडी कोणतं पोर डब्यातून परत आणणार नाही?

यात कंपनीचं आलं ते फक्त ओट्सचं पाकीट. तेही नको असेल तर लाह्या वाढवून राजगिऱ्याच्या लाह्या मिसळा. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडणाऱ्या मुलखात हे मी नव्यानं काय सांगायचं! मगज शेंगदाण्यापेक्षा महाग पडतं, हे मात्र कबूल.

खरी अडचण सामानात नाही, भांड्यात आहे. दुसऱ्या घाण्याची वडी छान धरली होती. डबा भरताना माझ्या ध्यानात आलं की जवस मी भरडला तो मिक्सरच्या लहान भांड्यात, ज्यात रोज कूट होतं. पात्याखालच्या खाचेत बोट फिरवलं तर पिवळसर तेलकट थर नखाला आला. धुतलेलं भांडं होतं हो! त्या सोळाच्या सोळा वड्या आम्ही घरीच खाल्ल्या. तेव्हापासून जवस अख्खाच टाकते, कढई-उलथणं आधी साबणानं घासून घेते, आणि त्या दिवशी दाणे भाजायचेच असले तर वड्या झाल्यावर. भडभुंज्याकडच्या लाह्याही यासाठी नकोत, त्याच कढईत, त्याच वाळूत शेंगा भाजलेल्या असतात. सुटं बी घेताना किराणा दुकानातलं माप कुठल्या पोत्यातून कुठल्या पोत्यात जातं ते एकदा उभं राहून बघा. पाकीटबंद घ्या, आणि मागचं बारीक अक्षरातलं वाचा. ‘शेंगदाणे हाताळणाऱ्या कारखान्यात तयार’ असं ओट्सवरही सापडतं.

पोषणाचं गणित फॉरवर्डमध्ये नुसतं ठोकून दिलंय, मी मांडून बघितलं. वरच्या मापानं एका वडीत अडीच ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं येतात. तेवढ्याच वजनाच्या निम्मे दाणे-निम्मा गूळ अशा चिक्कीत साडेतीन. फरक एका ग्रॅमचा, जो पेलाभर दुधात सहज भरून निघतो. मगजात तर शंभराला तीसेक ग्रॅम प्रथिनं, शेंगदाण्याहून जास्तच. आणि परभणीत राहून ज्वारीला कमी लेखायचं नाही. आपल्या वसंतराव नाईक कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण काढलंय.

गूळ कितीही? गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. दिवसभराच्या उष्मांकातला वरून घातलेल्या साखरेचा वाटा 10 टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि जमलं तर 5. सात वर्षांच्या पोराला ते पस्तीसेक ग्रॅम, नाहीतर सतरा-अठरा. एका वडीत साडेसात ग्रॅम गूळ आहे. एक द्या.

हे सगळं टाईप करून ग्रुपवर टाकलं नाही. माप तेवढं टाकलं आणि त्या मुलाच्या आईला वेगळा मेसेज केला. म्हटलं, ताई, संक्रांतीला तीळ घालायचा विचार आहे, आणि मगज परवडलं नाही तर डाळवं, चालेल का? विचारायला कारण होतं. तिळाचीही अ‍ॅलर्जी असते. अमेरिकेत 2023 पासून पाकिटावर तसं लिहिणं बंधनकारक झालंय, आपल्या 2020 च्या लेबलच्या नियमांतल्या यादीत मात्र तीळ नाही. आणि डाळवं म्हणजे हरभरा, शेंगदाण्याचा भाऊबंद. काही मुलांना तोही बाधतो.

रात्री साडेदहाला उत्तर आलं. ‘तीळ चालतो. डाळव्याचं डॉक्टरांना विचारून सांगते. आणि ताई, कढई कुठली वापरता तेवढं सांगाल का?’