साडेदहा वजा

क्रूझवरून आल्यापासून पुण्यात तळजाईला सकाळी फिरायला भेटणारा प्रत्येक जण विचारतो, काय मग, बेट कसं होतं? मी म्हणतो मस्त, पाणी असलं निळं की विचारू नका. तेवढ्यात ही मागून येते आणि म्हणते, "ह्यांना विचारा किती वाजले होते." की झालं. पुढचा अर्धा राउंड लोक तो किस्सा ऐकतात आणि मी वाकून बुटाची नाडी बांधत बसतो. इतक्या वेळा बांधून नाडी तुटायला आलीये, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहूनच टाकावं, निदान माझी बाजू तरी येईल. (माझी बाजू फारशी नाहीये, हे लिहिता लिहिता लक्षात येतंय.)

तर आम्ही जानेवारीत मुलाकडे अमेरिकेत रॅलेला गेलो होतो. जाताना मी मनगटावरच्या घड्याळाची वेळ बदलली नाही. आई सहकारनगरला एकटी, तिला कधी फोन करायचा हे बघायला भारताची वेळ हाताशी असलेली बरी, आणि तिकडची वेळ काय, त्यातून साडेदहा तास वजा केले की आली. बँकेत सव्वीस वर्षं काढलीयेत, साडेदहा वजा करायला मला कॅल्क्युलेटर लागत नाही. मुलगा म्हणाला, बाबा, फोनवर दोन्ही वेळा दिसतात. म्हटलं दिसू देत. डोकं वापरलं नाही की गंजतं. दोन महिने माझा हिशेब एकदाही चुकला नाही, हे नोंदवून ठेवतो.

मार्चमध्ये मुलाने क्रूझ काढली. शनिवारी मायामीहून निघायचं, रविवार अख्खा समुद्रात, सोमवारी ग्रँड टर्क नावाचं बेट. जहाजाबद्दल फार लिहीत नाही, एवढंच की आमच्या सोसायटीच्या चारी विंग त्यात मावल्या असत्या आणि वर पार्किंगवरून भांडायला जागा उरली असती. खाणं चोवीस तास. पहिल्या दिवशी माणूस हावरटासारखा खातो, दुसऱ्या दिवशी पैसे वसूल करायला खातो आणि तिसऱ्या दिवशी दहीभात कुठे मिळेल का बघत फिरतो.

रविवारी सकाळी एक गंमत झाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मी नाश्त्याला आठला गेलो तर गर्दी नऊची होती. मुलगा म्हणाला, बाबा नऊ वाजून गेले. मी काही बोललो नाही, कारण आमच्या घरात हॉलमधलं घड्याळ कायम पंधरा मिनिटं पुढे असतं. ती हिची पद्धत, म्हणजे म्हणे कुठे उशीर होत नाही. मुलगा त्याच घड्याळाखाली वाढलेला. त्यामुळे तो वेळ सांगतो तेव्हा मी थोडी कापूनच घेतो, भाजीवाल्याने सांगितलेल्या भावासारखी. परदेशात राहून पंधराचा तास झाला असेल म्हटलं.

आता सोमवार. सकाळी बाल्कनीत आलो तर समोर बेट. डोंगर नाही, टेकडी म्हणावी असंही काही नाही, समुद्रावर कुणीतरी चटई अंथरून विसरून गेल्यासारखं. लांबी दहाएक किलोमीटर, रुंदी जेमतेम दोन-तीन. पण पाणी! किनाऱ्याजवळ अगदी पिरोजी, आणि तिथून जरा पुढे गेलं की एकदम शाईसारखं काळंनिळं, मधे चक्क रेघ मारल्यासारखी. तिथे समुद्राचा तळच संपतो आणि खाली दोन हजार मीटरच्या वर सरळ कडा आहे, म्हणजे आपलं कळसूबाई आत सोडलं तर टोकावरचं देऊळसुद्धा बुडेल. हे सगळं पोहायला जाणाऱ्यांच्या पायांपासून थोड्याच अंतरावर. मी गुडघ्यापर्यंत जायचं ठरवलं.

जहाजवाल्यांची बेटाची टूर माणशी ऐंशी डॉलर होती. दोघांचे जवळजवळ चौदा हजार रुपये. एका बसमध्ये बसून दहा किलोमीटरचं बेट बघायला! मी म्हटलं, निखिल, तुम्ही तिघं बीचवर बसा, मी आणि आई गावात पायी जाऊन येतो. गाव पाच किलोमीटर. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला पाच किलोमीटर सपाटी म्हणजे काय? सून हळूच म्हणाली, बाबा, साडेतीनच्या आत परत यायचंय हं, चारला जहाज सुटतं, ते थांबत नाहीत. म्हटलं, अगं अनघा, आयुष्यात माझी डेक्कन क्वीन कधी चुकली नाही.

हिने पर्समध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या. जहाजावरून खाली खायचं काही नेऊ नका असं सांगितलेलं असतं, पण त्या रॅलेहून केलेल्या, जहाजाच्या नव्हत्याच, असा तिचा युक्तिवाद. गुंडाळायला काही मिळेना म्हणून केबिनच्या दारात रोज एक छापील पत्रक टाकायचे ते घेतलं. ते पत्रक लक्षात ठेवा.

जेट्टी ही लांबच लांब, त्यावरून उन्हात हजारो लोक चाललेले, आषाढीची वारी पण टाळांऐवजी फुगवलेले प्लास्टिकचे बगळे. त्या दिवशी दोन जहाजं लागली होती. बेटाची लोकसंख्या चार-पाच हजार, त्यामुळे आम्ही उतरल्यावर मूळ रहिवासीच पाहुणे वाटायला लागले. जेट्टी संपली की थेट दुकानांत शिरावं लागतं, दुसरी वाटच नाही. तुळशीबागेत निदान पळायला बोळ असतात. हिरे, दारू, टी-शर्ट आणि घड्याळं, काचेत ओळीने मांडलेली शेकडो घड्याळं, सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं. मी म्हटलं बघ, यांनासुद्धा वेळ माहीत नाही. (हे वाक्य हिने जपून ठेवलंय.)

बाहेर पडल्यावर रस्ता आणि ऊन, बाकी काही नाही. सावली म्हणाल तर शपथेला नाही. याचं कारण नंतर कळलं. या बेटावर सतराव्या शतकात बर्म्युडाहून लोक आले ते मीठ काढायला. समुद्राचं पाणी खाचरांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, ढीग करायचे, आपल्या मिठागरांसारखंच. आणि पाऊस पडला की मीठ विरघळतं, म्हणून त्यांनी झाडंच तोडली असं सांगतात, झाडं नाहीत तर पाऊस नाही. धंद्यासाठी हवामान बदलायचा हा खटाटोप, आणि त्याची शिक्षा साडेतीनशे वर्षांनी सहकारनगरच्या दोन सीनियर सिटिझनना. झाड म्हणून जे दिसतं तो एक बुटका गोल निवडुंग, डोक्यावर लाल टोपी घातलेला, तुर्की टोपीसारखी. त्यावरूनच बेटाचं नाव टर्क पडलं म्हणे.

वाटेत विमानतळ लागतो, तिथे अंतराळवीर जॉन ग्लेनच्या यानाची प्रतिकृती ठेवलीये. १९६२ च्या फेब्रुवारीत त्याने पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या, अटलांटिकमध्ये पडला आणि नंतर त्याला तपासायला इथे आणलं. तीन प्रदक्षिणांना पाच तासांत पाच मिनिटं कमी. मी हिला म्हटलं, त्याच्या त्या डब्यात सेकंदाचा हिशेब असणार, वेळेची शिस्त म्हणजे काय ते बघ. ही म्हणाली, पाणी द्या.

गाव मात्र गोड आहे. कॉकबर्न टाउन. बेट अजून ब्रिटिशांकडेच, पैसे अमेरिकन, गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने, त्यामुळे दोन महिन्यांनी पहिल्यांदा मला रस्ता न घाबरता ओलांडता आला. लाकडी जुनी घरं, बुटक्या दगडी भिंती, आणि गावाच्या मधोमध ती मिठाची जुनी तळी. तिथल्या म्युझियममध्ये १५०० च्या सुमारास फुटलेल्या एका जहाजाचे अवशेष आहेत. मला खरा आवडला तो त्यांच्या जुन्या झेंड्याचा किस्सा. झेंड्यावर मिठाच्या ढिगांचं चित्र होतं, लंडनमधल्या चित्रकाराला वाटलं ही बर्फाची घरं, म्हणून त्याने ढिगाला सरळ दार काढून दिलं! आणि तो झेंडा वर्षानुवर्षं फडकत राहिला. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसात बसून, न बघता, आपलंच खरं धरून चालणारा माणूस किती मोठा घोळ घालतो बघ, असंही मी हिला म्हणालो. तिने तेव्हा फोन काढला.

"अहो, सव्वादोन झालेत."

मी घड्याळ बघितलं. रात्रीचे पावणेबारा. वजा साडेदहा. सव्वा. "सव्वा वाजलाय."

"फोनवर सव्वादोन आहेत."

मग मी तिला नीट समजावलं, की फोन एअरप्लेन मोडवर आहे, त्याला नेटवर्क नाही, नेटवर्क नाही तर त्याला बिचाऱ्याला कुठून कळणार वेळ, तो आपला अंदाजपंचे काहीतरी दाखवतोय, घड्याळ कसं यंत्र आहे, त्याला नेटवर्क लागत नाही. हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. ती बरं म्हणाली. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात "बरं" चे जे सतरा अर्थ असतात त्यातला हा सगळ्यात शेवटचा होता, पण मी उन्हात होतो.

परत निघालो तर मिठाच्या तळ्यापाशी गाढवं. चार मोठी, एक पिल्लू. हीसुद्धा मिठाचीच. पूर्वी मिठाच्या गोण्या वाहायची, मग गेल्या शतकात धंदा बंद पडला, मालक गेले, गाढवं राहिली, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या गावात मोकळी हिंडतात. मला एकदम आतून गलबलून आलं. २००१ साली मला बँकेने निदान व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, पैसे तरी दिले होते, यांना काय? आणि तरी गाव सोडत नाहीत, खाल्ल्या मिठाला जागावं तर असं. मी हे मोठ्याने बोलत होतो तेवढ्यात एकाने हिच्या पर्समध्ये तोंड घातलं.

गाढवाचा ओठ इतका नाजूक चालतो हे मला माहीत नव्हतं. चिमटीत धरावं तसं त्याने ते पुडकं अलगद उचललं, झटकलं, पुऱ्या खाली पडल्या. बाकीची तीन पुऱ्यांवर. हा मात्र उभा राहून शांतपणे कागद खात राहिला, तेलाचा, हळदीचा डाग पडलेला कागद, एक कोपरा ओठाबाहेर हलतोय. पुऱ्या संपल्या तरी ते जाईनात, आमच्या मागेच. आम्ही थांबलो की थांबायचे, चाललो की चालायचे. पिल्लू तर हिच्या ओढणीला लागलं. मग एका भिंतीच्या वीतभर सावलीत बसलो, फोटो काढले. या सगळ्यात पाऊण तास गेला असेल. मी निवांत, हाताशी तास आहे.

मागून एक टॅक्सी आली. ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, जहाजाचे का? म्हटलं हो, पण चालत जाणार, आत्ताशी अडीच तर झालेत. तो माझ्याकडे बघत राहिला. मग काही न बोलता त्याने डॅशबोर्डकडे बोट केलं. साडेतीन. आणि मग म्हणाला, काल सगळी घड्याळं एक तास पुढे गेली, माहीत नाही का?

नाही. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे अमेरिका घड्याळं तासभर पुढे ढकलते हे मी पेपरात वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. हे बेटही त्यांच्याबरोबरच ढकलतं. साडेदहाचे साडेनऊ झाले होते आणि मी दोन दिवस जुन्याच रेटने वजा करत होतो.

टॅक्सीचे तीस डॉलर. राहिलेल्या तीन किलोमीटरचे सव्वीसशे रुपये. पुण्यातल्या रिक्षावाल्यांबद्दल मी आजवर जे काही बोललोय ते सगळं मागे घेतो, आणि घासाघीस करायला वेळ नसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ही शेजारी बसलेली. एक शब्द नाही. खिडकीतून समुद्र बघत होती. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग तीच दुकानं, आता रिकामी, काचेत शेकडो घड्याळं, सगळ्यांत दहा वाजून दहा. मग ती जेट्टी. सकाळी जिच्यावर वारी होती तिच्यावर आता फक्त आम्ही दोघं, हातात चपला. वर पाहिलं तर अकरा मजल्यांच्या कठड्यांवर माणसंच माणसं. जहाज सुटायच्या वेळी उशिरा धावत येणाऱ्यांना बघायला लोक मुद्दाम वर जमतात, काहीजण ग्लास घेऊनच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या. कोणीतरी "कम ऑन अंकल" ओरडलं, आणि त्या सगळ्या आवाजातून स्पष्ट मराठीत, "आजोबा पळा!" ती माझी नात. पावणेचारला आम्ही आत.

मुलगा दारातच होता. चेहरा पांढरा. "बाबा, केबिनमध्ये पत्रक दिलं होतं, त्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं घड्याळ पुढे करा म्हणून. वाचलं नाहीत?"

"ते गाढवाने खाल्लं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

तेव्हा ही त्या तासाभरातलं पहिलं वाक्य बोलली. "त्याने निदान त्यातलं काहीतरी घेतलं."

एप्रिलमध्ये पुण्यात आलो. आल्या आल्या हिने स्टुलावर चढून हॉलमधलं घड्याळ पंधरा मिनिटं मागे घेतलं, अगदी बरोबर लावलं. आता या घरात सगळी घड्याळं खरी, म्हणाली. मी अजून सवयीने पंधरा मिनिटं कापतो आणि तळजाईला रोज सगळे निघून गेल्यावर पोचतो.