बुद्धमूर्ती म्हणे ग्रीकांनी शिकवली

परवापासून तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आलाय. अलेक्झांडर आला, त्याच्या कारागिरांनी अपोलो हा ग्रीक देव बघून बुद्ध घडवला, त्याआधी आपल्याला माणसाची मूर्ती घडवायलाच येत नव्हती, आणि पुरावा काय तर बुद्धाचे कुरळे केस.

अलेक्झांडर आला इ.स.पू. 326 ला. बुद्धमूर्ती दिसायला लागतात साधारण इ.स. पहिल्या शतकात. मधली तीन-चारशे वर्षं हे कारागीर छिन्नीला धार लावत बसले होते का? गांधारातल्या, म्हणजे पेशावर-स्वात-तक्षशिलेकडच्या बहुतेक मूर्ती कुषाण काळातल्या, आणि कुषाण राजे मूळचे मध्य आशियातले, ग्रीक नव्हेत.

मूर्ती येत नव्हती हे तर फारच झालं. मथुरा म्युझियममधला परखमचा यक्ष बघा, साडेआठ फुटी, पोट सुटलेला, इ.स.पूर्वीचा. भारहुत-सांचीच्या स्तूपांवर राजे, यक्षी, हत्ती, गर्दी सगळं कोरलंय, फक्त बुद्धाच्या जागी बोधिवृक्ष, पावलं नाहीतर रिकामं आसन. हात चालत होता हो, बुद्ध कोरत नव्हते इतकंच, आणि का कोरत नव्हते यावर अभ्यासक अजून भांडतायत.

आता केस. मथुरेच्या कटरा टेकाडावर सापडलेला बुद्ध लाल दगडाचा, अडीच फूटही नाही. डोकं तुळतुळीत, वर गोगलगाईसारखा एकच वळसा, उजवा खांदा उघडा, तळपायावर चक्र, चेहरा मस्त हसरा, आणि खालच्या लेखात त्याला चक्क 'बोधिसत्त्व', म्हणजे अजून बुद्ध व्हायचा असलेला, म्हटलंय. यात अपोलो शोधून दाखवा! लाटांसारखे केस आणि दोन्ही खांदे झाकणारं जाड वस्त्र हे गांधारचं. ही ग्रीक थिअरी फूशे या फ्रेंच अभ्यासकाने गाजवली आणि आनंद कुमारस्वामींनी 1927 मध्येच मथुरा आणि यक्ष पुढे करून तिला उत्तर दिलं, पण फॉरवर्डवाल्यांपर्यंत ते पोचायचंय.

कमेंटमधले "ग्रीकांचा संबंधच नाही" वालेही जरा थांबा. गांधारात बुद्धाशेजारचा त्याचा रक्षक वज्रपाणी कधीकधी सिंहाचं कातडं पांघरलेला, सरळ ग्रीक वीर हेराक्लीज असतो, आणि कनिष्क या कुषाण राजाच्या नाण्यावर बुद्धाचं नाव ग्रीक अक्षरांत आहे, 'बोद्दो'.

आणि आपलं कार्ला लेणं. तिथल्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी (तेव्हा हा शब्द मुळात ग्रीकांसाठी) दिलेल्या दानाचे लेख आहेत. म्हणजे यवन म्हणवणारी माणसं खांबाला पैसे देतायत, आणि आत पुजायला काय, तर स्तूप. दर्शनी भिंतीवरचे बुद्ध तिथे पुढे काही शतकांनी कोरले, आधी कोरलेल्या जोडप्यांच्या मधे जागा मिळेल तशी.