शेअर फोल्डर मंदावलं म्हणून कुलपं काढू नका

नागपुरातल्या दुकानदारांच्या आणि टॅक्सवाल्या ऑफिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: ‘विंडोज 11 टाकल्यावर शेअर फोल्डर स्लो झालं? एसएमबी-1 चालू करा, फायरवॉल-अँटिव्हायरस बंद करा, सायनिंग काढा. तरी नाही जमलं तर विंडोज 10 वर परत जा.’ मी इतवारी ते हिंगणा एमआयडीसी नेटवर्किंगचीच कामं करतो. या मेसेजने झालेलं नुकसान निस्तरायला लोक बोलावतात, म्हणून लिहितो आहे.

एसएमबी-1 पासून सुरू करू. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमधल्या फाइली उघडायची विंडोजची पद्धत, आणि 1 ही तिची सगळ्यात जुनी आवृत्ती. दोन मशीन जोडली जातात तेव्हा दोघांनाही येणारी सगळ्यात नवी आवृत्ती आपोआप निवडली जाते. दोन्हीकडे विंडोज 11 असेल तर एसएमबी-1 चालू करूनही काम नव्या 3.1.1 आवृत्तीवरच चालतं, वेगात काडीचा फरक पडत नाही. जुनं स्टोरेज फक्त एसएमबी-1 जाणत असेल, तर ते मंद चालत नाही, उघडतच नाही. म्हणजे हा उपाय ज्या दुखण्यावर सांगितला आहे, ते दुखणं त्याचं नव्हेच. आणि 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय याच एसएमबी-1 मधून मशीनमागून मशीन पसरला होता. एवढ्यासाठी ते दार पुन्हा उघडायचं?

फायरवॉल फाइल अडवते किंवा जाऊ देते, रेंगाळवत नाही. अपग्रेडनंतर शेअर दिसेनासं झालं असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ झालं आहे का पाहा आणि ‘प्रायव्हेट’ करा. अँटिव्हायरसबद्दल मात्र मेसेजात थोडं तथ्य आहे: हजारो बारक्या फाइली असल्या की प्रत्येक तपासताना वेळ जातो. त्यासाठी फक्त हिशेबाच्या डेटाचं फोल्डर तपासणीतून वगळता येतं. अख्खा अँटिव्हायरस बंद करणं म्हणजे डास झाले म्हणून घराची भिंत पाडणं.

सायनिंगचा मुद्दा सगळ्यात खरा, म्हणूनच सगळ्यात धोक्याचा. विंडोज 11 च्या 24एच2 या अपडेटपासून प्रो आवृत्तीत सायनिंग सक्तीचं आहे. म्हणजे जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर (पॅकेटवर) डिजिटल सही होते, वाटेत कोणी फेरफार केला तर तो पकडला जातो. आजच्या प्रोसेसरला हा भार सहज पेलतो, पण जुन्या, दुबळ्या प्रोसेसरच्या नॅसला (नेटवर्कवर जोडलेल्या स्टोरेजच्या डब्याला) धाप लागते. तिथे आधी नॅसचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. शंका उरलीच तर एका मशीनवर सक्ती काढून मोठी फाइल कॉपी करा, वेळ लिहून ठेवा आणि सक्ती लगेच परत लावा. फरक दिसला तर दोष नॅसचा, आणि बदलायचं ते नॅस. पासवर्डशिवाय उघडणारं शेअर आता उघडत नसेल, तर कारण हेच: बिनपासवर्डच्या पाहुण्या (गेस्ट) खात्याला सही करता येत नाही. तिथे युजर आणि पासवर्ड तयार करा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता मेसेजात नसलेली गोष्ट. गांधीबागेतल्या एका छपाईवाल्याचे चार जीबीचे डिझाइन पूर्वी पाऊण मिनिटात जायचे, अपग्रेडनंतर सहा मिनिटं लागू लागली. ‘भाऊ, विंडोज बदललं अन् सगळं बसलं.’ कॉपीचा वेग पाहिला तर सेकंदाला बरोबर 11 एमबी. हा आकडा दिसला की मी सेटिंग उघडतच नाही, केबल बघतो. 100 एमबीपीएसची लिंक एवढंच देते, गिगाबिट (1000 एमबीपीएस) 110 एमबीच्या आसपास देते. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, 100 ला चारच पुरतात. अपग्रेडच्या दिवशी टेबल सरकवलं होतं आणि जॅकमधली एक तार निसटली होती. नवा जॅक लावला, पुन्हा पाऊण मिनिट.

राहिला विंडोज 10 चा सल्ला. ‘मागे जा’ची सोय अपग्रेडनंतर साधारण दहाच दिवस असते, आणि विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ग्राहकांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील ज्या मशीनवर आहेत, तिथे हा सल्ला पाठवण्याआधी कृपया एकदा कॉपीच्या वेगाचा आकडा तरी विचारा.