अडीच हजारांना दर्जा कशाला?

अलिबागच्या काकांशी परवा फोनवर चांगलाच वाद झाला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो त्यांना अजून पटलेला नाही. "राज्यात उरलेत अडीच हजारांच्या आसपास. कुणी कधी त्रास दिला का? मग दर्जा कशाला?"

काकांचं निम्मं म्हणणं खरं आहे, आणि ते मला परदेशात येऊन जास्त कळलं. बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. नवगावकर, किहीमकर, पेणकर अशी गावांवरून आडनावं लावली. त्यांच्या धर्मात मुलाची सुंता करावीच लागते, पण तिच्यावर बंदी आणावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

इथे आइसलँडमध्ये ते आलं. पावणेचार लाखांच्या देशात ज्यू जेमतेम तीनशे. २०१८ मध्ये संसदेत विधेयक मांडलं गेलं: वैद्यकीय कारणाशिवाय मुलाची सुंता केली तर सहा वर्षांपर्यंत तुरुंगवास. मांडणाऱ्यांच्या मनात द्वेष होता असं मी म्हणणार नाही. मुलाच्या शरीरावर मुलाचाच हक्क, हा त्यांचा मुद्दा प्रामाणिक होता. पण कायदा झाला असता तर इथे ज्यू म्हणून मुलगा वाढवणंच अशक्य झालं असतं. देशोदेशीच्या धर्मगुरूंनी विरोध केला आणि विधेयक मतदानापर्यंत पोहोचलंच नाही. त्याच वर्षी देशाला पहिले कायम राहणारे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मिळाले. २०२१ मध्ये सरकारने ज्यू धर्माला अधिकृत मान्यता दिली.

त्या मान्यतेने काय झालं, ते मी शेजारी बसून पाहिलंय. ऑफिसातली माझी मैत्रीण डिसेंबरात शुक्रवारी दुपारी दोनलाच निघते, कारण साडेतीनला सूर्य मावळतो, तिथून शब्बाथ, म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि त्याच्या मेणबत्त्या त्याआधी लावायच्या असतात. जूनमध्ये उलट पंचाईत. शब्बाथ संपायला तीन तारे दिसावे लागतात, आणि इथे तर रात्रभर उजेड. इतकी वर्षं सरकारी नोंदीत तिचा धर्म "इतर" होता. मान्यता मिळाल्यावर एका संध्याकाळी तिने लॅपटॉप उघडला, धर्मांच्या यादीत आपल्या धर्माचं नाव शोधलं, त्यावर क्लिक केलं आणि लगेच आईला फोन लावला. पैशाचा भागही आहे: नोंदलेल्या, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकामागे सरकार त्या धर्मसंस्थेला ठरावीक रक्कम देतं, आणि तिथे लागलेलं लग्न कायद्याने लग्न ठरतं. पण तिने आईला सांगितलं ते फक्त "आपण यादीत आहोत".

काका, त्रास झाला तरच दर्जा द्यायचा, हे मला मान्य नाही. आपल्याकडचे बहुतेक बेने इस्रायली १९४८ नंतर इस्रायलला गेले, ते कुणी हाकललं म्हणून नाही. जे राहिले त्यांना स्वतःची शाळा, संस्था चालवायची तर आधार लागतो, आणि माणसं जितकी कमी तितका तो जास्त लागतो. राज्याने तो दिला. केंद्राच्या यादीत मात्र आजही सहाच धर्म आहेत, ज्यू त्यात नाहीत. अलिबागच्या इस्रायल आळीतला माणूस मुंबईच्या कागदावर अल्पसंख्याक आणि दिल्लीच्या कागदावर नाही. वाद घालायचाच तर यावर घालू, मी रविवारी पुन्हा फोन करते.